आधी तिचा वाडगा भरा

वर्षावासातली गोष्ट. कर्जत तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत विहारातलं ग्रंथवाचन संपलं आणि आम्ही महिलांचं हिमोग्लोबिन तपासायला बसलो. अकरावीतली एक मुलगी आली. एका हाताचं बोट आमच्यापुढे, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर कोरियन मालिका. आकडा आला 8.6. काय खातेस, विचारलं तर म्हणाली, ‘‘वरण-भात. घरात मोठ्याचं केलं की मी नाही जेवत. वास येतो, आणि मैत्रिणींना कळलं तर?’’ आणि लगेच मोबाईल पुढे करून म्हणाली, ‘‘सिस्टर, हे मात्र मला एकदा खायचंय.’’ पडद्यावर भाताचा वाडगा होता. त्यावर हिरव्या, लाल, पांढऱ्या भाज्या लावलेल्या, मधोमध मांसाचे पातळ तुकडे, वर अंडं. ‘‘याला बिबिम्बाप म्हणतात.’’ मागे भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या आजीने विचारलं, ‘‘कुणाचा बाप?’’

सगळा विहार हसला. पण आजींनी नकळत बरोबर जागी बोट ठेवलं होतं. कोरियन भाषेत ‘बाप’ म्हणजे शिजवलेला भात आणि ‘बिबिम’ म्हणजे कालवलेला. कालवलेला भात, एवढाच त्या झगमगीत नावाचा अर्थ. आणि त्या वाडग्यात मधोमध जे होतं, ते या मुलीच्या घरी महिन्यातून दोनदा शिजतं. सोलच्या स्वयंपाकघरात ते बघून तोंडाला पाणी सुटतं आणि आपल्या चुलीवर तेच असलं की लाज वाटते. आम्हाला त्या पोरीचा राग आला नाही. ही लाज तिने शोधून काढलेली नाही. शाळेत, बसमध्ये, भाड्याची खोली शोधताना ती तिला मिळालेली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांमध्ये हे प्रमाण सुमारे 69 टक्के. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 हवं, गरोदर बाईचं निदान 11. वाडीत तपासणी केली की निम्म्या बायका या रेषेखाली असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींना आपल्याला काही झालंय हेच माहीत नसतं. दम लागतो, चक्कर येते, पाय ओढतात, केस गळतात. ‘‘कामाने होतं हो सिस्टर’’ असं म्हणून विषय संपतो.

इथे आमची चूक आधी कबूल करतो. नर्सिंगची नोकरी करत होतो तेव्हा रक्त कमी असलेल्या प्रत्येक बाईला आम्ही एक छापील कागद द्यायचो. त्यावर बीट, डाळिंब, खजूर, पालक, गूळ-शेंगदाणे. मांस खाता का, हे विचारायची पद्धतच नव्हती. विचारलं असतं तरी ‘मोठ्याचं खातो’ हे त्या टेबलापुढे कुणी बोललं नसतं. आम्ही स्वतः याच समाजातल्या, तरी आम्हीही विचारलं नाही. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं हा समज तर नर्सच्या तोंडूनही ऐकायला मिळतो. खरं म्हणजे 100 ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही.

पालकात लोह बरं असतं. कागदावरचा आकडा पाहिला तर पालक आणि म्हशीचं मांस फार लांब नाहीत. फरक पडतो तो अंगी लागण्यात. मांसातलं लोह शरीर सहज उचलतं. भाजीतलं लोह कमी उचललं जातं, जेवणावर लगेच चहा प्यायला तर आणखी कमी. मात्र भाजीच्या जोडीला त्याच घासात थोडं मांस असेल, वर लिंबू पिळलेलं असेल, तर भाजीतलंही लोह जास्त शोषलं जातं. म्हणून ताट भरून मांस लागत नाही. थोडं मांस, भरपूर पालेभाजी आणि लिंबू एका वाडग्यात आलं की काम होतं. शिवाय मांसातून बी-12 मिळतं, जे कुठल्याच डाळी-भाजीत नसतं. कोरियन बायकांनी हे काही लोहाचा हिशेब करून ठरवलं नसेल, पण त्यांच्या या वाडग्याची मांडणी रक्तक्षय झालेल्या बाईला हवी तशी आहे.

आम्हाला हा वाडगा आवडण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. आपल्याकडे मटण होतं तेव्हा टोपात रस्सा होतो. रस्सा वाढताना पळी कुणाच्या ताटात कशी फिरते ते आठवा. आधी घरधनी, मग पाहुणा, मग मुलगे. फोडी तिथे संपतात. मुलीला दोन बटाटे आणि एक हाड. वाढणारी बाई शेवटी टोप निपटून भातावर घेते आणि वर म्हणते, मला रस्साच आवडतो. वर्षानुवर्षं हे ऐकत आलोय, आमच्या आयांच्या तोंडूनही. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, पंचशील रोज म्हटलं जातं, त्या घरातही पळी अशीच फिरते. वाडग्याची गोष्ट निराळी. घरात पाच माणसं असतील तर पाच वाडगे ओट्यावर ओळीने मांडावे लागतात आणि जेवायला बसण्याआधीच प्रत्येकात भात, भाजी, मांस घालावं लागतं. कुणाच्या वाट्याला किती आलं ते सगळ्यांना दिसतं. पाचवा वाडगा रिकामा ठेवून ‘मला चालतं’ म्हणणं अवघड जातं. ज्या घरात बाईचं किंवा मुलीचं हिमोग्लोबिन कमी आलंय, त्या घरात पहिला वाडगा तिचा भरायचा, असा आमचा आग्रह आहे. काही सासूबाईंना हे रुचलेलं नाही, ते आम्हाला ठाऊक आहे.

आता जो प्रश्न प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतोच, त्याबद्दल. ‘‘बाबासाहेबांनी तर हे खाणं सोडायला सांगितलं होतं ना?’’ 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली. त्या वेळचा कुलाबा म्हणजे आजचा रायगड, आपलाच जिल्हा. चवदार तळ्याचं पाणी त्याच परिषदेत प्यायलं गेलं. तिथे बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं आणि मढ्याचं मांस खाणं बंद करा असं बजावलं. गावाने टाकून दिलेलं, न मारता मेलेलं, महारकीचं काम म्हणून वाट्याला आलेलं मांस सोडा, हे त्यांचं सांगणं होतं. आरोग्याच्या दृष्टीनेही ते शंभर टक्के बरोबर होतं; रोगाने मेलेल्या जनावराचं मांस कुणीच खाऊ नये. स्वतःच्या कमाईने, दुकानातून, तपासलेलं ताजं मांस आणणं ही निराळी गोष्ट आहे. 1948 च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध बाबासाहेबांनी इतिहास म्हणून तपासला, घाबरून झाकून ठेवला नाही. 1956 च्या 22 प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया आहे, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मांस सोडण्याची प्रतिज्ञा नाही. भगवान बुद्धांकडेही देवदत्ताने भिक्खूंना मासे-मांस बंद करा अशी मागणी केली होती आणि ती त्यांनी मान्य केली नव्हती. भिक्खूसाठी मुद्दाम मारलेलं त्याने पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली, तर घ्यायचं नाही, हा विनयाचा नियम.

ज्यांनी करुणेपोटी मांस सोडलंय त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे आणि त्यांच्यासाठी खाली वेगळी सोय लिहिली आहे. पण ‘आपण सुधारलो म्हणून सोडलं’ असं कुणी म्हणालं की आम्ही विचारतो, सुधारलेपण कुणाच्या ताटावरून मोजलं? मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हे पुस्तक लिहिलंय. आपल्या कोकणातल्या वाड्यांचं असं पुस्तक कुणीतरी लिहायला हवं, आज्या आहेत तोवर.

आणि ज्या कोरियाचं आपल्या मुलींना एवढं कौतुक, तिथली एक गोष्ट त्यांना मालिकेत दिसणं कठीण. कोरियात ‘पेकजोंग’ नावाचा समाज होता. जनावरं कापणं, कातडं कमावणं, टोपल्या विणणं ही त्यांची कामं, आणि त्या कामांमुळे त्यांना गावाबाहेर ठेवलेलं. 1894 मध्ये कायद्याने हा भेद रद्द झाला तरी त्यांच्या मुलांना शाळेत घेत नसत. 1923 मध्ये जिंजू शहरात त्यांनी समतेसाठी ‘ह्योंगप्योंगसा’ ही संघटना काढली. ह्योंग म्हणजे तराजूची दांडी. मांस तोलणाऱ्या माणसांनी आपल्याच तराजूच्या नावाने बरोबरी मागितली, महाडच्या चार वर्षं आधी. आज तोच देश आपलं मांसाचं जेवण जगभर मिरवतो. त्या वाडग्यातलं मांस पिढ्यान्पिढ्या कुणी कापलं, हे आम्ही त्या अकरावीतल्या मुलीला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला.

कायद्याचं थोडक्यात, कारण भीती खरी आहे. महाराष्ट्रात गाईची कत्तल 1976 च्या कायद्यापासून बंद आहे. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेडा त्या बंदीत नाही. उच्च न्यायालयाने 6 मे 2016 च्या निकालात ही कत्तलबंदी कायम ठेवली, पण आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावं अशी जी तरतूद होती ती रद्द केली. तेव्हा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, म्हशीचं आहे हे विचारून घ्या, पावती मागा आणि ती पिशवीत नव्हे, खिशात ठेवा. दुकानदार पावती देत नसेल तर दुकान बदला. लांबून आणायचं झालं तर बाईमाणसाला एकटीला पाठवू नका.

आता करायची रीत. पाच माणसांना म्हशीचं बिनहाडाचं मांस 400 ग्रॅम पुरतं. जास्त आणू नका. खाटकाला पातळ काप करून मागा; घरी करायचं तर धाग्याच्या आडवं कापा, उभं कापलं की चिवट लागतं. कोरियात याला ‘बुलगोगी’ म्हणतात, म्हणजे विस्तवावरचं मांस. मांस मऊ व्हायला ते किसलेलं नासपती लावतात. आपल्या परसात कच्ची पपई असते. ती किसून एक लहान चमचा लावा, अर्धा तासच. जास्त वेळ ठेवलं तर मांसाचा लगदा होतो. घरात गरोदर बाई असेल तर पपई टाळा. एक कांदा आणि थोडं सफरचंद किंवा नासपती किसून लावा. त्यातच आठ-दहा पाकळ्या लसूण, आल्याचा तुकडा, लिंबाएवढा गूळ, दोन चमचे भाजून कुटलेले तीळ आणि सोया सॉस दोन मोठे चमचे, बस. वरून मीठ अजिबात नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं आणि माणसाला दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम पुरे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांच्या वाडग्यात त्याहून कमी घाला.

लोखंडी तवा किंवा कढई कडक तापवा, तेल सोडा आणि मांस थोडं थोडं टाकून परता. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं आणि ते उकडतं. आतला लाल रंग पूर्ण गेला पाहिजे. अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतात, तेव्हा मालिकेत कसंही दाखवोत, आपण पूर्ण शिजवायचं. काप जाड झाले असतील किंवा घरात म्हातारं माणूस असेल तर कुकरला तीन-चार शिट्ट्या देऊन मग तव्यावर परता. अंडंही पक्कं, कच्चा बलक वर ओतायची त्यांची तऱ्हा आपल्याला नको.

भाज्यांसाठी बाजारात जे ताजं असेल ते. पावसाळ्यात ठाकूर-कातकरी बायका टाकळा, कुर्डू घेऊन कर्जत-नेरळच्या रस्त्यावर बसतात, त्यांच्याकडून घ्या. थंडीत लाल माठ, पालक, मुळा, वालाचे दाणे. पालेभाजी उकळत्या पाण्यातून काढून पिळायची, तिळाचं कूट आणि लसूण लावायचा. कोरियन लोक सोयाबीनचे मोड वापरतात, आपण मटकी-मुगाचे, पण वाफवून. गाजर, कोबी बारीक चिरून तव्यावर नुसते हलवायचे. काकडी किंवा मुळा लिंबात मुरवायचा. त्यांच्या लाल चटणीला गोचुजांग म्हणतात. ती मिरची, तांदूळ आणि आंबवलेल्या सोयाबीनची असते आणि डबा महाग मिळतो. तिची गरज नाही. घरातलं लाल तिखट, गूळ, लसूण, थोडं व्हिनेगर किंवा लिंबू आणि घट्टपणाला चमचाभर फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ पाण्यात कालवून शिजवा. चव अगदी तीच येत नाही, हे खरं सांगतो. पण पोरं बोटं चाटतात.

भात बासमतीचा नको. मोकळा भात कालवला जात नाही. आपला जाडा तांदूळ, जरा मऊ शिजवलेला, यासाठी उत्तम. आपल्या कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने कर्जत-3, कर्जत-7 असे भाताचे वाण दिले, ते कोकणभर लावले जातात. आणि आपण दुकानात जाऊन लांब दाण्याचा तांदूळ मागतो. वाडग्यात भात तिसरा हिस्सा, भाज्या अर्धा, उरलेल्या जागेत मांस आणि अंडं. वर लिंबू. मग कालवा आणि जेवा. त्यानंतर तासभर चहा नाही. सगळ्यात जास्त कुरकुर यावरच होते.

मांस न खाणाऱ्यांनी सोयाबीनच्या वड्या किंवा काळे वाटाणे घ्या, खात असाल तर अंडं घ्या, आणि बी-12 ची तपासणी मात्र करून घ्या. ज्यांच्या गावात म्हशीचं मांस मिळत नाही त्यांनी चिकन, कलेजी किंवा सुकट घ्यावी. सुकट आधी धुवा, तिच्यात मीठ फार. गरोदर बाईला कलेजी वारंवार नको. मुलांना बाजारातल्या कोरियन नूडल्सची पाकिटं देऊन हेच दिलं असं समजू नका; त्यात मीठ आणि मैदा.

आठवड्यातून एकदा पुरे. लाल मांस रोज खाणं आतड्याच्या कर्करोगाच्या दृष्टीने बरं नाही, आणि युरिक अ‍ॅसिड किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. 8.6 हिमोग्लोबिन नुसत्या वाडग्याने 12 होत नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात मोफत मिळतात. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून बंद करू नका. महिनाभर नियमित घेऊनही आकडा हलला नाही तर सिकलसेलची तपासणी मागून घ्या. हा आजार आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही आहे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर एक दिवसही घरी थांबवू नका.

त्या वाडीत महिला मंडळाने पौर्णिमेनंतरच्या रविवारी हा वाडगा करून पाहिला. फ्रीज दोनच घरांत होता, म्हणून मांस सकाळी आणलं, दुपारी संपवलं. भातही रात्रीपर्यंत ठेवला नाही, कारण उघड्यावर राहिलेला भात पोट बिघडवतो. अकरावीतल्या मुलीने पाचही वाडगे स्वतः लावले, फोटो काढला आणि मग खाल्लं. वासाबद्दल काही बोलली नाही. तिच्या आईने आपला वाडगा दोनदा मुलाकडे सरकवला आणि दोन्ही वेळा तो परत तिच्यापुढे आला. आजींनी पूर्ण संपवला. पुढच्या खेपेला गूळ निम्मा घाला आणि तिखट वाढवा, असा त्यांचा निरोप आहे.